आधी कागद पाहा, मग अक्षर

मला बोलावलं होतं, मी आपण होऊन गेलो नव्हतो. हे आधी सांगतो, कारण नंतर 'ह्यांना सगळ्यात खोट काढायची सवयच आहे' असं माझ्याबद्दल पसरवलं गेलं. संस्थेच्या कार्यवाहांचा फोन आला, "एक दुर्मीळ प्रत विकत घेतोय, तुम्ही एकदा नजर टाका." टाकली. जे दिसलं ते सांगितलं. ते ऐकून घ्यायची तयारी नव्हती, तर बोलावलं कशाला, ह्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

प्रत 'श्यामची आई'ची, जुनी. आतल्या कोऱ्या पानावर निळ्या शाईत एका विद्यार्थ्याला सप्रेम भेट, खाली साने गुरुजींची सही आणि १९४६ साल. पानाच्या खालच्या निम्म्या भागावर तपकिरी डाग. विकायला आणणाऱ्या गृहस्थांनी त्या डागाचीच गोष्ट रंगवून सांगितली: ही प्रत पानशेतच्या पुरातून वाचलेली, नारायण पेठेतल्या वाड्यात पाणी शिरलं तेव्हा फडताळाच्या खालच्या खणात होती, आजोबांनी चिखलातून काढून उन्हात वाळवली. समितीतल्या एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना मी दोष देत नाही. गुरुजींचं नाव निघालं की आपल्याकडे कुणाचंही मन हलतं, आणि विकणाऱ्याला ते पक्कं माहीत होतं.

मी भिंग लावलं. मजकुराची वरची ओळ कोरड्या कागदावर होती, खालची ओळ आणि सही डागात. पूर आला १२ जुलै १९६१ ला. मजकूर १९४६ चा असेल, तर शाई पंधरा वर्षं आधीची. फाउंटन पेनची साधी निळी शाई पाण्यात टिकत नाही. रंग पाण्याबरोबर सरकतो, डागाच्या कडेला जाऊन साठतो आणि अक्षरं फिकी पडतात. इथे डागातली अक्षरं वरच्या ओळीइतकीच गडद होती. फक्त त्यांच्या कडा फुटल्या होत्या, बारीक केसांसारख्या, सगळ्या बाजूंनी. वरच्या ओळीच्या कडा मात्र स्वच्छ.

हे फुटणं वेगळं असतं. शाई पसरू नये म्हणून लिहिण्याच्या-छापण्याच्या कागदाला खळ दिलेली असते. कागद भिजला की ती धुतली जाते. अशा कागदावर नंतर कुणी पेन टेकवलं, की शाई धाग्याधाग्याने पसरते. म्हणजे आधी पाणी, मग सही. पूर १९६१ चा आणि गुरुजी गेले ११ जून १९५० ला. पुराची गोष्ट मी शोधून काढलेली नव्हती, त्या गृहस्थांनीच सांगितली होती.

मी हे शांतपणे बोललो. त्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग पुराचं नसेल. आमच्या वाड्याचं छप्पर आधीपासूनच गळायचं." आजोबा, चिखल, उन्हात वाळवणं, सगळं त्या एका वाक्यात वाहून गेलं, आणि समितीतल्या कुणालाही त्यात काही खटकलं नाही! डाग १९४६ च्या आधीचा असू शकतो, हे मी तिथेच मान्य केलं. नुसत्या भिंगाने ते खोडून काढता येत नाही. म्हणून मी म्हटलं, प्रत एक रात्र संस्थेत ठेवू द्या, दिव्याखाली पाहू, गुरुजींच्या नि:संशय पत्रांशी अक्षर ताडून पाहू. त्यावर त्यांनी पुस्तक पिशवीत घातलं. "गुरुजींच्या अक्षरावर शंका घेणाऱ्यांना मी ते देणार नाही. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे." आणि आमचे पदाधिकारी त्यांना बसा बसा करू लागले. एकजण माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो, तुम्हाला मिळाली नाही म्हणून किती ताणायचं?" व्यवहार त्याच संध्याकाळी झाला.

पुढे एका परिचितांनी मला फोनवर एक फोटो पाठवला. त्याच गृहस्थांकडे 'वाग्वैजयंती'ची प्रत होती, गडकऱ्यांच्या सहीची. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला गेले आणि 'वाग्वैजयंती' आली १९२१ साली. 'सप्रेम'मधल्या 'प्र'ची शेपटी तशीच डावीकडे ओढलेली, जशी आमच्या प्रतीत होती. मी हे संस्थेला कळवलं. उत्तर आलं, "तो वेगळा विषय आहे."

आता ज्यांना अशी पुस्तकं घ्यायची आहेत किंवा घरात सापडली आहेत, त्यांच्यासाठी.

अक्षराकडे शेवटी पाहा. आधी छापलेलं पान वाचा: आवृत्ती कितवी, साल कोणतं, किंमत आण्यांत की नव्या पैशांत. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. त्यामुळे नव्या पैशांत किंमत छापलेल्या प्रतीवर १९५० ची सही असेल, तर पुढे काही पाहायचं कारणच नाही. दुकानाच्या किंवा वाचनालयाच्या शिक्क्यात पिनकोड असेल, तर तो शिक्का १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. मग लेखकाच्या आयुष्यातल्या तारखा काढा. केशवसुत १९०५ मध्ये गेले, त्यांच्या कवितांचं पुस्तक त्यानंतर निघालं. बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ मध्ये, त्या गेल्या १९५१ च्या डिसेंबरात, आणि त्यांना लिहिता येतच नव्हतं. टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते, तेव्हा 'पुणे, १९११' असं लिहिलेली टिळकांची भेट कुणी दाखवली तर हात जोडावेत. ह्याला भिंग लागत नाही, पैसा लागत नाही. तरी कुणी करत नाही.

शाई. बॉलपेन बाजारात आलं १९४० च्या दशकात, तेही परदेशात. आपल्याकडे ते हातोहाती व्हायला आणखी वेळ लागला. तिरप्या उजेडात पान धरलं की बॉलपेनची गोळी कागदात चर पाडून गेलेली दिसते. टाकाचं निब दाब पडला की फाकतं, रेघेच्या दोन्ही कडा गडद होतात आणि मध्ये फिकं राहतं. कसरीने पाडलेलं भोक अक्षराच्या वाटेत आलं असेल तर तिथे थांबा. भोक नंतरचं असेल तर अक्षर सरळ कापलेलं दिसतं. शाई भोकाच्या आतल्या कडेवर उतरली असेल, तर भोक आधीचं आणि लिहिणारा नंतरचा. बोटाला थुंकी लावून शाई तपासणारे विक्रेते मी पाहिले आहेत. त्यांच्या हातून पुस्तक काढून घ्या.

दिवा. नोटा तपासायला दुकानदार गल्ल्यावर ठेवतो तो जांभळा दिवा पुरतो. १९५० च्या आसपासपासून कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात जी रसायनं घालू लागले, ती ह्या दिव्याखाली निळसर चमकतात. बाकी पुस्तक निस्तेज आणि सहीचं पान तेवढं चमकत असेल, तर ते पान मागाहून चिकटवलेलं. १९८३ मध्ये जर्मनीत 'स्टर्न' साप्ताहिकाने हिटलरच्या म्हणून रोजनिश्या मोठ्या गाजावाजाने छापल्या, त्या उघड्या पडल्या त्यात अशा रसायनाचाच मोठा हात होता. त्याआधी हस्ताक्षरतज्ज्ञांनी त्या खऱ्या ठरवल्या होत्या. कारण ताडून पाहायला त्यांना जे नमुने दिले, त्यांतलेही काही त्याच बनावटखोराच्या, कुजाऊच्या, हातचे होते.

शुद्धलेखन हा दुय्यम पुरावा आहे, पण उपयोगी. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीची माणसं 'माझें पुस्तक', 'त्यांनीं', 'घरांत' असं लिहायची. नवी माणसं जुनं लिहायला बसली की दोन चुका करतात: एकतर टिंबं विसरतात, नाहीतर जिथे कधीच नव्हती तिथे देतात. विसरण्यावरून निकाल देऊ नका, घाईत खरे लेखकही टिंबं गाळत. चुकीच्या जागचं टिंब मात्र जास्त बोलकं असतं.

सही चरित्रग्रंथात छापलेल्या सहीशी तंतोतंत जुळली तर आनंदू नका. कुणाच्याही दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या तर बरोब्बर बसत नाहीत. बसल्या, तर गिरवलेली आहे. गिरवणाऱ्याचा हात सावकाश चालतो, रेघ थरथरते, शेवट बोथट होतो, मध्येच पेन उचललेलं दिसतं. काही आवृत्त्यांत सहीच छापलेली असते आणि तीही 'स्वाक्षरीची प्रत' म्हणून खपवतात. मागच्या बाजूने पान चाचपून पाहा.

घाई करू नका, बिल घ्या, हे वेगळं सांगायला नको. पण बिलावर 'मजकूर व सही लेखकाच्या हातची, तसं न आढळल्यास पूर्ण रक्कम परत' हे शब्द विक्रेत्याच्या सहीने लिहून घ्या. जो हे लिहून देत नाही आणि प्रत एक रात्रही ठेवू देत नाही, त्याच्याकडून काही घेऊ नका, मग तो कितीही शपथा घेवो.

आणि ज्यांच्या घरात खरी प्रत आहे त्यांना विनंती. भेट कुणाला, कुठे, कशी मिळाली हे घरातली जाणती माणसं आहेत तोवर वेगळ्या कागदावर लिहून ठेवा, तारखेसकट. पुस्तकाच्या पानावर लिहू नका, नव्या बांधणीला देऊन कडा कापू नका. असल्या खोट्या प्रतींमुळे उद्या तुमच्या खऱ्या प्रतीवरही लोक शंका घेणार आहेत.

आमच्या संस्थेतली प्रत आता काचेच्या कपाटात आहे, 'साने गुरुजींच्या हस्ताक्षरात' अशा पाटीसह. निदान 'पडताळणी बाकी' एवढं तरी पाटीवर लिहा, असं मी लेखी मागितलं. त्याची पोचही आली नाही. शाळांच्या सहली येतात, शिक्षक फोटो घेतात. उद्या कुणी गुरुजींचं खरं पत्र घेऊन आला, तर त्याचं अक्षर ह्याच फोटोशी ताडून पाहतील आणि त्या खऱ्या पत्राला खोटं म्हणतील. ज्या माणसाने हजारो मुलांना खरं बोलायला शिकवलं, त्याच्या नावावर हे चाललं आहे. माझा अपमान झाला तो मी विसरेनही, पण ती पाटी बदलेपर्यंत मी लिहीत राहणार आहे.