खारफुटीतील कीटक

मुंबईहून नव्या मुंबईकडे जाताना रेल्वेगाडी ठाण्याच्या खाडीवरचा पूल ओलांडते. तेव्हा काठाच्या चिखलात उभी असलेली हिरवी झाडी दिसते. या झाडीला खारफुटी म्हणतात. तिवर, कांदळ, चिप्पी ही तिच्यातली काही झाडे. भरतीच्या वेळी त्यांची मुळे पाण्यात बुडतात आणि ओहोटीच्या वेळी उघडी पडतात. दिवसातून दोन वेळा असे घडते.

खारे पाणी बहुतेक कीटकांना मानवत नाही. मग खारफुटीत कीटक राहतात तरी कसे? पुष्कळ कीटक पाण्याच्या वर, पानांवर आणि खोडांवर राहतात. तांबड्या मुंग्या झाडाची पाने एकमेकांना जोडून उंचावर घरटे बांधतात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील एक मुंगी मात्र चिखलातच वारूळ करते. भरतीत ते वारूळ पाण्याखाली जाते. परंतु आतल्या पोकळीत हवा अडकून राहते. त्या हवेवर मुंग्या तग धरतात. वेळ पडली तर त्या पोहतातसुद्धा!

एका टोपलीत आंबा, पेरू, केळे आणि चिकू अशी चार फळे आहेत. दुसऱ्या टोपलीत शंभर बोरे आहेत. पहिल्या टोपलीत विविधता आहे, तर दुसऱ्या टोपलीत विपुलता आहे. खारफुटीत या दोन्ही गोष्टी पाहायला मिळतात.

प्रथम विविधता पाहू. तिवराच्या फुलांवर मधमाश्या येतात. बंगालच्या सुंदरबनात तर लोक वाघाची भीती असूनही मध गोळा करायला जातात. चिप्पीची फुले रात्री उमलतात. त्यांच्याकडे पतंग येतात. खाडीकाठी पिलूचे झाडही आढळते. याच झाडापासून मिस्वाक मिळते. त्याच्या पानांवर एका केशरी फुलपाखराच्या अळ्या वाढतात.

आता विपुलता पाहू. पावसाळा सरता सरता मुंबई-ठाण्याच्या खाडीत तिवरांवर एका पतंगाच्या असंख्य अळ्या दिसू लागतात. हीच अळी सागाचीही पाने खाते. थोड्याच दिवसांत झाडे उघडीबोडकी होतात. पाहणाऱ्याला वाटते, झाडे मेली! पण काही आठवड्यांत त्यांना नवी पालवी फुटते. पक्ष्यांना अळ्यांची मेजवानी मिळते. अळ्यांची विष्ठा चिखलात मिसळते आणि तिचे खत होते. अशा वेळी घाईने विषारी औषध फवारले, तर अळ्यांबरोबर मधमाश्याही मरतील.

‘खारफुटीमुळे डास होतात, ती तोडून टाका,’ असे काही लोक म्हणतात. खाऱ्या पाण्यात वाढणारे काही डास असतात, हे खरे. परंतु भरती-ओहोटीमुळे पाणी हलते राहते. भरतीबरोबर आलेले लहान मासे डासांच्या अळ्या खातात. चतुर उडते डास पकडतात. माणसाने भराव टाकला, की भरतीची वाट अडते, पाणी साचते आणि डास वाढतात. डेंग्यूचा डास तर आपल्या घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मग दोष कोणाचा?

२०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील खारफुटीची तोड करण्यास मनाई केली. पण केवळ कायद्याने खारफुटी वाचणार नाही. तिच्यात राहणाऱ्या लहान जीवांचे काम आपण समजून घेतले, तरच ती वाचेल.

शब्दार्थ
मानवणे – सोसणे, अनुकूल असणे
तग धरणे – टिकून राहणे
विपुलता – भरपूर संख्या
भराव – जमीन उंच करण्यासाठी टाकलेली माती किंवा दगड

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चिप्पीची फुले केव्हा उमलतात?
(आ) चिखलातल्या वारुळात मुंग्या भरतीच्या वेळी कशा जगतात?
२. विविधता आणि विपुलता यांतील फरक उदाहरण देऊन सांगा.
३. ‘खारफुटी तोडल्याने डास कमी होतील का?’ तुमचे मत चार-पाच वाक्यांत लिहा.
४. विरुद्धार्थी शब्द लिहा : भरती, खारे, उघडी, स्वच्छ.