बॅकग्राउंड डेटा बंद केला, तरी माहिती जातेच का?

प्रश्न : फोनमधल्या बऱ्याच ॲप्सचा बॅकग्राउंड डेटा मी बंद केला आहे. आता माझी माहिती बाहेर जाणार नाही ना?

उत्तर : जाऊ शकते. अँड्रॉइडमधला हा पर्याय मुख्यतः मोबाइल डेटा वाचवण्यासाठी आहे. घरच्या वायफायवर ॲप मागे चालूच राहतं, आणि तुम्ही ते उघडलंत की साठलेली माहिती पाठवूही शकतं. म्हणून आधी परवानग्या आवरा. टॉर्चच्या ॲपला संपर्कयादी कशाला हवी? बिनदिक्कत नाकारा. लोकेशन सर्वांत नाजूक : रात्री फोन कुठे असतो, यावरून घर कळतं आणि दिवसा कुठे असतो, यावरून नोकरी. अँड्रॉइड १० पासून ते ‘फक्त ॲप वापरताना’ देता येतं. ‘नेहमी’ ही परवानगी जवळपास कुणालाच देऊ नका.

मग प्रायव्हसी सेटिंग्जमधल्या ‘ॲड्स’मध्ये जाऊन जाहिरात आयडी डिलीट करा. आयफोनवर ‘ट्रॅकिंग’मध्ये ॲप्सना विचारण्याची मुभाच बंद करा.

मेसेजिंग ॲपचा बॅकग्राउंड डेटा मात्र चालू ठेवा, नाहीतर घराबाहेर निरोप उशिरा मिळतील. ओटीपीची काळजी नको. एसएमएसला इंटरनेट लागत नाही. आणि महिनोन्‌महिने न उघडलेली ॲप्स सरळ काढून टाका.