देयकापासून खतावणीपर्यंत : हिशेबलेखनात संगणकाचे साहाय्य

ग्रामपंचायत असो, शाळा असो वा सहकारी संस्था असो, सार्वजनिक पैशाचा हिशेब एका लहानशा कागदापासून सुरू होतो. तो कागद म्हणजे देयक किंवा पावती. त्यावरील तारीख, रक्कम व पुरवठादाराचे नाव प्रमाणकावर येते, तेथून कीर्दीत आणि कीर्दीवरून खतावणीत जाते. लेखापरीक्षक याच वाटेने उलट चालत मूळ कागदापर्यंत पोहोचतो. ही साखळी मध्येच तुटली, तर पैसा योग्य कामावर खर्च झालेला असूनही आक्षेप निघतो आणि सरपंचास व ग्रामपंचायत अधिकाऱ्यास त्याचे उत्तर द्यावे लागते.

दुहेरी नोंदीची पद्धत लुका पाचोली याने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या गणितग्रंथात विशद केली. पुढे वह्यांची जागा संगणकाने घेतली. पंचायतींचे नियोजन व लेखे यांसाठी ‘ई-ग्रामस्वराज’ ही प्रणाली २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. तथापि प्रणाली कोणतीही असो, तिच्यात भरला जाणारा आकडा मूळ कागदाशी जुळणारा हवा. कागदावरील मजकूर संगणकाने स्वतः वाचून नोंद तयार करावी, ही पद्धत आता वापरात आली आहे. तिचे स्वरूप, लाभ व मर्यादा समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

संगणक देयक कसे वाचतो?

प्रथम देयकाचे छायाचित्र घेतले जाते. संगणक ते सरळ करतो, डाग व सावल्या कमी करतो आणि अक्षरे ओळखतो. परंतु अक्षरे ओळखली म्हणजे देयक कळले, असे नव्हे. एकाच कागदावर देयकाची तारीख, मागणीपत्राची तारीख व देणे फेडण्याची मुदत असू शकते. त्यांपैकी कोणती तारीख नोंदवावयाची हे ठरवावे लागते. हेच रकमेचे. म्हणून पुढच्या पायरीत शब्दांची जागा व शेजारचे मथळे पाहून पुरवठादार, देयक क्रमांक, दिनांक, वस्तू, नग, दर, कर व एकूण रक्कम हे रकाने वेगळे काढले जातात. त्यानंतर लेखाशीर्ष सुचविले जाते आणि माणसाच्या मान्यतेनंतर नोंद कायम होते.

ताळा पाहण्याची सोय

या पद्धतीचे खरे बळ वाचनापेक्षा पडताळणीत आहे. एक उदाहरण घेऊ. सिमेंटच्या १०० गोण्या प्रत्येकी ३२० रुपये दराने घेतल्या, तर मूळ किंमत ३२,००० रुपये होते. सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवर १८ टक्के कर आहे. राज्यांतर्गत खरेदीत त्याचे केंद्र व राज्य असे दोन समान भाग पडतात. प्रत्येकी २,८८० रुपये. एकूण देयक ३७,७६० रुपयांचे. संगणकाने पुसट आकडा ३१,७६० असा वाचला, तर बेरीज जुळणार नाही व चूक तत्काळ उघडी पडेल. ‘अक्षरी रुपये... फक्त’ ही आपल्याकडील जुनी रीतही येथे उपयोगी पडते, कारण अंक व अक्षरे एकमेकांची साक्ष देतात.

दुसरा ताळा वस्तू व सेवा कराच्या नोंदणी क्रमांकाचा. १५ अक्षरांच्या या क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७ व गोव्याचे ३०. पुढील १० अक्षरे पॅन क्रमांकाची असतात आणि शेवटचे अक्षर आधीच्या अक्षरांवरून गणिताने काढलेले असते. मध्ये एखादे अक्षर चुकले, तर ते गणित जुळत नाही.

तिसरा लाभ दुबार देयके शोधण्याचा. एका पुरवठादाराचा देयक क्रमांक एका आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये, असा नियम आहे. मूळ प्रतीवर एकदा व छायाप्रतीवर पुन्हा रक्कम मागितली गेल्यास संगणक ते लगेच निदर्शनास आणू शकतो.

१ ऑक्टोबर २०२० पासून मोठ्या व्यावसायिकांना ई-देयक लागू झाले. १ ऑगस्ट २०२३ पासून त्यासाठीची वार्षिक उलाढालीची मर्यादा ५ कोटी रुपयांवर आली. अशा देयकावरील क्यूआर संकेतात पुरवठादार, देयक क्रमांक, दिनांक व रक्कम ही माहिती स्वाक्षरीत स्वरूपात असते, त्यामुळे तेवढ्या माहितीसाठी अक्षरे ओळखण्याची गरज उरत नाही. मात्र गावातील लहान दुकानदाराच्या हातबिलावर असा संकेत मिळणार नाही. तसेच नोंदणी नसलेल्या दुकानदाराच्या बिलावर कर दाखविलेला नसणे ही चूक नव्हे.

आपल्याकडील अडचणी

हस्तलिखित मराठी बिलांत १ व ९ यांची गफलत होते. रुपयाचे चिन्ह कधी ७ किंवा २ असे वाचले जाते व रक्कम अनेक पटींनी फुगते. परदेशी धर्तीच्या प्रणालीत ५-८-२०२५ ही तारीख ऑगस्टऐवजी मे महिन्याची ठरू शकते. उष्णतेने छापल्या जाणाऱ्या पावत्या काही महिन्यांत पुसट होतात. त्या मिळताच त्यांचे छायाचित्र घेणे हाच उपाय होय.

माणसाचे काम

संगणक देयक वाचतो, पण गोदामात उतरलेल्या गोण्या मोजत नाही. माल खरोखर आला की नाही, हे साठा नोंदवहीवरून कळते. काम झाले की नाही, हे मोजमाप वहीवरून. खर्चास मंजुरी होती का, दर वाजवी होता का, हे प्रश्न माणसानेच विचारावयाचे आहेत. बेरीज अचूक असलेले खोटे देयक संगणकाच्या दृष्टीने निर्दोषच असते.

म्हणून काही पथ्ये आवश्यक आहेत. देयक आले त्याच दिवशी त्याची प्रतिमा घ्यावी आणि त्यावर प्रमाणक क्रमांक घालावा. संगणकाने काढलेली नोंद मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय कायम करू नये. नोंद तयार करणारा व तिला मान्यता देणारा या व्यक्ती भिन्न असाव्यात. मूळ कागद विहित मुदतीपर्यंत जतन करावेत. संगणकाने शंका दाखविलेल्या नोंदी दर महिन्यास तपासून निकाली काढाव्यात.

नकलून लिहिण्याचे कष्ट यंत्राने हलके केले, तर वाचलेला वेळ तपासणीकडे वळविता येईल. तसे झाल्यास ग्रामसभेत एखाद्या ग्रामस्थाने खर्चाविषयी प्रश्न विचारताच खतावणीतील आकड्यामागचा मूळ कागद त्याच बैठकीत त्याच्यासमोर ठेवता येईल.