काळा पाषाण, पाणी आणि माती

विहीर खणताना ज्या काळ्या पाषाणापायी शेतकऱ्याला सर्वांत अधिक कष्ट व खर्च सोसावा लागतो, तोच पाषाण त्याच्या काळ्या जमिनीचा जनक होय. घरातील जाते व पाटा-वरवंटा, बांधावरचे धोंडे, रस्त्यावरची खडी आणि नांगराखालची कसदार माती ही सर्व एकाच खडकाची रूपे आहेत. भूशास्त्रात ह्या खडकास बेसाल्ट म्हणतात.

ह्या खडकाचा अभ्यास आता पृथ्वीपुरता मर्यादित राहिलेला नाही. चंद्रावरून आणलेल्या दगडांत आणि मंगळावर यंत्रांनी तपासलेल्या खडकांतही बेसाल्ट विपुल आढळला आहे. त्यामुळे एकच पाषाण पाण्याच्या सहवासात कसा बदलतो व पाण्यावाचून कसा राहतो, ह्याची तुलना करणे शक्य झाले. त्या तुलनेतून निघणारा बोध शेतकऱ्यांच्या उपयोगाचा असल्याने तो येथे थोडक्यात सांगितला आहे.

पाषाणाची उत्पत्ती

ज्वालामुखी म्हटला की शंकूच्या आकाराचा डोंगर व त्याच्या माथ्यातून उसळणारा अग्नी डोळ्यांसमोर येतो. महाराष्ट्रातील पाषाण मात्र बहुतांशी निराळ्या रीतीने आला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीस लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला आणि दूरवर पसरून थिजला. काही काळाने पुन्हा उद्रेक होई व जुन्या थरावर नवा थर बसे. अशा थरांनी आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला असून महाराष्ट्राचा जवळजवळ चार-पंचमांश भाग त्यात मोडतो. सह्याद्रीच्या कड्यांवर एकावर एक दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे हेच थर होत.

भेगेतून होणाऱ्या उद्रेकाचे प्रत्यक्ष पाहिलेले उदाहरण आइसलंडमधील लाकी येथील आहे. १७८३ च्या जूनमध्ये तेथे सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या भेगेतून शिलारस वाहू लागला व तो आठ महिने वाहत राहिला. त्याबरोबर निघालेल्या विषारी वायूंनी कुरणे नासली, निम्म्याहून अधिक गुरेढोरे व मेंढ्या मेल्या आणि पुढे पडलेल्या दुष्काळात त्या देशातील सुमारे एक-पंचमांश माणसे दगावली. आपल्याकडील उद्रेक ह्याहून कित्येक पटींनी मोठे होते.

जमिनीखालील थरांची रचना

पाषाणाची जाडी सर्वत्र सारखी नाही. १९६७ च्या कोयना भूकंपानंतर त्या भागाचा अभ्यास चालू राहिला व अलीकडे तेथे सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. त्यात बेसाल्टचे थर सव्वा किलोमीटरच्या आसपास जाड असून त्यांच्याखाली ग्रॅनाइट जातीचा अतिप्राचीन खडक असल्याचे आढळले. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या छिद्रात मात्र बेसाल्ट ३३८ मीटरपर्यंतच लागला. सर्वसाधारणपणे पश्चिमेकडे थर जाड आहेत व पूर्वेकडे ते पातळ होत जातात.

शेतकऱ्याला जाडीपेक्षा थरांच्या अंतर्रचनेशी अधिक कर्तव्य आहे. सामान्यतः प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो. त्यात पाणी राहते ते केवळ सांध्यांत व फटींत. थराच्या माथ्याकडील भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो. ही छिद्रे पुष्कळदा पांढऱ्या स्फटिकांनी किंवा गारगोटीने भरलेली असतात व एकमेकींस जोडलेली नसतात. म्हणून खडक नुसता सच्छिद्र दिसला तरी तो पाणी देईलच असे नाही. तो कुजून मुरूम झाला असेल, किंवा त्यास पुरेशा फटी असतील, तरच त्यातून झरा लागतो.

दोन थरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी गेरूसारखा तांबडा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांमधील काळात खालच्या थराचा माथा ऊन-पावसाने कुजला व पुढच्या शिलारसाने भाजला गेला, त्याची ती खूण होय. हा पट्टा चिकण असल्याने पाणी सहजासहजी खाली जाऊ देत नाही. डोंगरउतारावर अशा पट्ट्याच्या वरच्या अंगास झरे फुटलेले दिसतात. कूपनलिकेत मात्र हाच पट्टा ढासळतो.

ज्या भेगांतून शिलारस वर आला, त्यांपैकी काहींमध्ये तो तसाच थिजून खडकाच्या उभ्या भिंती तयार झाल्या. त्यांना डाइक म्हणतात. धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत अशा भिंती विपुल आहेत. भिंत अखंड असेल तर भूमिगत पाण्याचा प्रवाह तिच्यापाशी अडतो व वरच्या अंगाच्या विहिरींना पाणी टिकते. ती फटींनी भरलेली असेल तर तीच पाण्याची वाट बनते.

दगडाची माती कशी होते

पावसाचे पाणी हवेतील व जमिनीतील कर्बवायू शोषून किंचित आम्ल बनते. ते फटींत शिरून पाषाणातील खनिजांवर सावकाश क्रिया करते. प्रथम दगडाची कडा कुजते, मग मुरूम होतो व शेवटी चिकणमाती तयार होते. पाऊस बेताचा असून पाण्याचा निचरा मंद असेल, तर चुना व मॅग्नेशियम जमिनीतच राहतात आणि स्मेक्टाइट जातीची चिकणमाती बनते. हीच माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, आणि हीच ओल दीर्घकाळ धरून रब्बीचे पीक पोसते.

कोकणात व घाटमाथ्यावर पाऊस अतोनात पडतो. तेथे त्याच पाषाणातील विद्राव्य द्रव्ये धुपून जातात, लोह व ॲल्युमिनियम मागे उरतात आणि जांभा तयार होतो. महाबळेश्वर-पाचगणीचे जांभ्याचे सडे आणि सोलापूरकडील भारी काळी जमीन ह्यांचा मूळ दगड एकच आहे. फरक पडला तो मुख्यतः पावसामुळे, निचऱ्यामुळे आणि काळामुळे.

पाण्यावाचून पाषाण : चंद्र

पाणी मुळीच नसेल तर काय होते, ह्याचे उत्तर चंद्रावर मिळाले. १९६९ च्या जुलैत अपोलो ११ मधील अंतराळवीरांनी चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांत ३६० कोटी वर्षांहून जुना बेसाल्ट होता. आपल्या पाषाणाहून तो पन्नास पटींहून अधिक जुना. तरीही त्यातील खनिजे न कुजलेली, जणू नुकतीच थिजलेली अशी आढळली. अशनींच्या माऱ्याने दगडाचा चुरा झाला होता, परंतु त्या चुऱ्याची माती झाली नव्हती.

ह्या चुऱ्यात पीक येईल काय, हेही तपासण्यात आले आहे. अमेरिकेतील फ्लॉरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी आपला प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध केला. त्यांनी चंद्रावरील चुऱ्यात पाणी व पोषकद्रव्ये देऊन मोहरीच्या कुळातील एका लहान वनस्पतीचे बी पेरले. बी उगवले, परंतु पृथ्वीवरील ज्वालामुखीच्या राखेत वाढविलेल्या रोपांच्या मानाने ही रोपे खुरटी राहिली व त्यांच्यावर ताणाची लक्षणे दिसली. दगडाचे पीठ आणि जमीन ह्या दोन भिन्न वस्तू आहेत, हे ह्यावरून ध्यानात येईल. जमिनीस चिकण अंश हवा, सेंद्रिय द्रव्य हवे व त्यावर जगणारे सूक्ष्म जीव हवेत. नत्राचा साठा तर दगडातून जवळजवळ मिळतच नाही. तो सजीवांच्या द्वारेच जमिनीत साठतो.

पाणी आटलेला पाषाण : मंगळ आणि लोणार

मंगळाची स्थिती चंद्राहून निराळी आहे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये क्युरिऑसिटी ही यांत्रिक गाडी तेथील गेल नावाच्या विवरात उतरली. पुढील वर्षी तिने तेथील गाळाच्या खडकास छिद्र पाडून भुकटी तपासली. त्या भुकटीत सुमारे २० टक्के चिकण खनिजे निघाली, आणि ती स्मेक्टाइट गटातील होती, म्हणजे आपल्या काळ्या जमिनीतील चिकणमातीच्या जातीची. एके काळी तेथे गोडे पाणी साठलेले होते, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी त्यावरून काढला. पुढे ते पाणी नाहीसे झाले व जमीन घडविण्याचे कार्यही थांबले. तेथील धुळीत परक्लोरेट नावाचे अपायकारक क्षार असल्याचे २००८ साली फिनिक्स यानाने दाखविले होते.

मंगळाचा दगड आपल्या देशातही येऊन पडलेला आहे. बिहारमधील शेरघाटी येथे २५ ऑगस्ट १८६५ रोजी एक अशनी पडला. तो बेसाल्टचाच होता. त्याच गटातील, अंटार्क्टिकात सापडलेल्या एका अशनीत कोंडलेला वायू १९७६ साली व्हायकिंग यानांनी मंगळावर तपासलेल्या हवेशी जुळला, तेव्हा ह्या गटाचे मूळ स्थान कळले. शेरघाटीच्या अशनीत मास्केलिनाइट नावाची काच आहे. प्रचंड आघाताने खनिजाची अशी काच होते.

अशीच काच बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे सापडली. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीचे मुख असावे असे पूर्वी पुष्कळांस वाटे. ते अशनीच्या आघाताने झाल्याचे भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७३ साली ह्या काचेच्या आधारे दाखविले. बेसाल्टमधील असे सुस्थितीतील विवर पृथ्वीवर विरळाच असल्याने चंद्र व मंगळ ह्यांवरील विवरांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारकडे विशेष लक्ष देतात.

शेतीच्या दृष्टीने बोध

आपल्या शेतातील काळी माती ही पाषाण, पाणी व सजीव ह्यांच्या दीर्घ सहकार्याचे फळ आहे. इंचभर माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात, आणि उतारावरील उघड्या जमिनीतून तेवढी माती काही पावसाळ्यांतच वाहून जाऊ शकते. गेलेली माती कोणाही शेतकऱ्यास आपल्या हयातीत परत मिळत नाही. खत विकत आणता येते, माती घडविता येत नाही. म्हणून पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

१. नांगरणी व पेरणी उतारास आडवी करावी. समपातळी बांध व ताली पावसाळ्यापूर्वी दुरुस्त कराव्यात.

२. रब्बीसाठी खरिपात उघडी राहणारी भारी जमीन सर्वाधिक धुपते. ओलाव्याचा विचार करून तीत मूग, उडीद ह्यांसारखे लवकर निघणारे पीक घेता येते काय, हे पाहावे.

३. शेणखत, कंपोस्ट व हिरवळीचे खत नेमाने द्यावे. पिकाचे अवशेष जाळू नयेत.

४. पाणी मुरविण्याची कामे मुरमाच्या व फटी असलेल्या खडकाच्या जागी करावीत. साठवणीचे शेततळे चिकण जमिनीत घ्यावे. मुरमाड जागी घ्यावयाचे असल्यास अस्तर घालावे लागते.

५. नव्या विहिरीची जागा केवळ पाणाड्याच्या शब्दावर ठरवू नये. शेजारच्या विहिरींत किती हातांवर मुरूम, सच्छिद्र खडक, तांबडा पट्टा वा घट्ट पाषाण लागला, हे आधी पाहावे. त्यानंतर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाचा सल्ला घ्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी उन्हाळ्यात, पाणी खोल गेले असता, गावातील निदान पाच विहिरींच्या थरांची व पाण्याच्या पातळीची नोंद एका वहीत करावी आणि ती दर वर्षी पुढे चालू ठेवावी. कठडा नसलेल्या विहिरीत डोकावताना किंवा उतरताना योग्य ती काळजी घ्यावी. अशी वही चार-पाच वर्षे नेमाने लिहिली गेली, तर कोणत्या शिवारात खणणे फलदायी व कोठे व्यर्थ, हे सांगण्यास तिचा आधार मिळेल आणि कोरड्या विहिरीपायी होणारे कर्ज पुष्कळ कुटुंबांना टाळता येईल.