घाट सुखरूप उतरलो

मुलांनो, घरातली साखर, शाळेतल्या वह्या, सणासुदीचा गूळ या साऱ्या वस्तू कोणीतरी रात्रीचा दिवस करून आपल्या गावापर्यंत आणलेल्या असतात. तो माणूस आपल्या दृष्टीस सहसा पडत नाही. आपण झोपेत असतो, तेव्हा तो गावावरून निघून गेलेला असतो. अशाच एका माणसाची आठवण आज तुम्हांला सांगावयाची आहे.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, कराडजवळ, पुणे-बंगळूर रस्त्यापासून कोसभर आत. आमच्या घराला लागूनच त्यांचे घर होते. ते मालट्रक चालवीत. म्हणून लहानथोर सारेच त्यांना ‘ड्रायव्हरकाका’ म्हणत. सडसडीत बांधा, अंगात खाकी सदरा आणि खांद्यावर पंचा. खिडकीवर टेकून टेकून त्यांचा उजवा हात डाव्या हाताहून अधिक रापलेला असे. शिक्षण मराठी चौथीपर्यंतच झालेले; पण अक्षर मोत्यासारखे होते.

कोल्हापूरच्या पेठेत गुळाचे रवे भरावयाचे, वर ताडपत्री ओढून दोरखंड आवळावयाचे आणि मुंबईच्या मशीद बंदरला माल पोचवावयाचा, हा त्यांचा नित्याचा क्रम होता. ही वाट सुमारे ४०० किलोमीटरांची. वाटेत खंबाटकी, कात्रज आणि खंडाळा असे तीन घाट लागत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. तोपर्यंत खंडाळ्याचा उतार जुन्या, अरुंद रस्त्यानेच उतरावा लागे. त्या घाटात शिंग्रोबा धनगराचे देऊळ आहे. इंग्रजांना डोंगरातली वाट त्याने दाखविली, अशी आख्यायिका आहे. जाणारेयेणारे तेथे नाणे वाहतात. काकाही वाहत, परंतु त्याआधी खंडाळ्याला गाडी थांबवून ब्रेक तपासल्याशिवाय ते कधी पुढे गेले नाहीत.

एकदा मी त्यांना विचारले, “काका, घाट चढणे अवघड की उतरणे?”

ते हसून म्हणाले, “उतरणे. चढताना गाडी दमते. उतरताना माणूस गाफील होतो. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, एवढे ध्यानात ठेव.”

या नियमामागचे कारण सोपे आहे. खालच्या गिअरमध्ये असताना इंजिनच गाडीची ओढ रोखून धरते. गिअर काढून टाकला, तर सारा भार एकट्या ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड सुटू लागते. तरीसुद्धा डिझेल वाचविण्यासाठी काही चालक उतारावर इंजिन बंद करून गाडी तशीच सोडून देत. वाचलेल्या डिझेलचे चार पैसे पदरात पडत. काकांच्या थोरल्या मुलीने शिक्षिका व्हावयाचे ठरविले, त्या वर्षी घरात पैशांची फार ओढाताण होती. तेव्हा त्यांच्या क्लीनरनेही हाच मार्ग सुचविला. काका त्याला म्हणाले, “अरे, वाचलेले डिझेल मोजता येते, पण खालच्या वळणावर कोण उभे असेल, ते कुठे मोजता येते?” मुलीची फी त्यांनी सायकल विकून भरली.

काका घराबाहेर असत, तेव्हा काकूंचा जीव टांगणीला लागलेला असे. म्हणून मुंबईला पोचताच काका एक पोस्टकार्ड टाकीत. काकूंना वाचता येत नसे, आणि त्यांची मुले तेव्हा फारच लहान होती. त्यामुळे पत्र वाचण्याचे काम माझ्याकडे आले. मी ‘अनेक आशीर्वाद’पासून सुरुवात केली, की काकू घाईने म्हणत, “बाळ, ते राहू दे. आधी सांग, घाट उतरले ना?” मग मी शेवटची ओळ वाची. ती प्रत्येक पत्रात एकच असे : ‘घाट सुखरूप उतरलो.’ ती ऐकली, की त्या पत्र तारेला टोचून ठेवीत आणि कामाला लागत. कधी कधी पत्रापूर्वी काकाच दारात येऊन उभे राहत. पण ते पत्रही काकू माझ्याकडून वाचून घेतल्यावाचून राहत नसत.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट मला अजून आठवते. जमीन हादरली, भांडी खणखणली आणि सारा गाव थंडीत कुडकुडत अंगणात आला. उजाडल्यावर कळले, की भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले आहे. काका मध्यरात्रीच घरी आले होते. रिकामा ट्रक वेशीत उभा होता. मालकाची परवानगी विचारण्यास सवड नव्हती. “मालकांना मी नंतर सांगेन,” असे म्हणून त्यांनी ट्रकमध्ये पेंढा पसरला, गावातले दहाबारा तरुण बरोबर घेतले आणि ते पाटणच्या रस्त्याने निघाले.

त्या भूकंपात दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जखमींची तर गणतीच नव्हती. काकांनी त्या दिवशी जखमींना कराडच्या दवाखान्यात पोचविण्यासाठी तीन खेपा केल्या. पहिल्या खेपेत एक तरुण अधीर होऊन म्हणाला, “काका, जरा वेगाने चला ना!” काका म्हणाले, “गुळाचा रवा फुटला तर तो पुन्हा वितळवता येतो. पाठीमागे माणसे आहेत.” खड्डा आला, की ते गाडी जवळजवळ थांबवीत आणि एकेक चाक हळूच उतरवीत. रात्री घरी आले, तेव्हा त्यांच्या हातांना कंप सुटला होता. जेवणाचा घासही त्यांना नीट उचलता येईना. मोठी माणसेही थकतात, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. सर्वसाधारणपणे दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास काम, असे त्याने ठरवून दिले. परंतु तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांसाठी होता. काकांच्या मालकाची गाडी एकच. त्यामुळे काकांना विश्रांती मिळे ती माल उतरेपर्यंत, गाडीखालच्या सावलीत. मुलांची बारशी, बक्षीससमारंभ, आजारपणे असे किती प्रसंग त्यांच्यावाचून पार पडले! ही खंत ते बोलून दाखवीत नसत. घरी असले, की मात्र मुलांना शाळेत पोचवावयास स्वतः जात आणि घंटा होईपर्यंत फाटकापाशी उभे राहत.

१९९७ साली काकांनी गाडीची किल्ली मालकाच्या हाती ठेवली. तोपर्यंत थोरली मुलगी शिक्षिका आणि मुलगा तलाठी झाला होता. अडतीस वर्षांत काकांच्या गाडीखाली कोणीही सापडले नाही. परंतु त्यांचा सत्कार झाला नाही, की कोठे नाव छापून आले नाही. अपघात घडला, तर त्याची नोंद होते. न घडलेल्या अपघाताची नोंद कोण ठेवणार? ज्यांचे प्राण त्यांच्या सावधपणामुळे वाचले असतील, त्या माणसांनाही ते ठाऊक नसेल.

काही वर्षांपूर्वी काका वारले. दिवसकार्य उरकल्यावर मी काकूंना भेटावयास गेलो. त्यांच्या मुलाने माळ्यावरून जुनी तार काढली होती. तिला टोचलेली पोस्टकार्डे पिवळी पडली होती. पण त्यांची चळत वीतभर उंच होती. तेव्हा मला वाटले, की न घडलेल्या अपघातांची नोंद कोणी ठेवली नाही, असे म्हणणे खरे नाही.

काकूंनी सर्वांत वरचे पत्र काढून माझ्यापुढे धरले. मी आता पांढऱ्या केसांचा, सेवानिवृत्त मुख्याध्यापक; पण त्या पूर्वीसारख्याच म्हणाल्या, “बाळ, शेवटचे वाच. घाट उतरले ना?”

मी चष्मा पुसला आणि वाचले, “घाट सुखरूप उतरलो.”

स्वाध्याय

१. घाट चढण्यापेक्षा उतरणे अवघड, असे काका का म्हणत?
२. कोयनेच्या भूकंपाच्या दिवशी काकांनी गाडी सावकाश का चालविली?
३. ‘न घडलेल्या अपघाताची नोंद कोण ठेवणार?’ या प्रश्नाचे उत्तर लेखकाला कोठे सापडले?
४. तुमच्या गावात माल घेऊन येणाऱ्या एखाद्या चालकाशी बोला आणि त्यांच्या एका दिवसाचे वर्णन दहा ओळींत लिहा.