जनसुनवाई : मोठ्याने वाचलेल्या कागदाचे सामर्थ्य
(द्वितीय वर्ष, कला)

मानवी हक्क आणि सामाजिक न्याय या विषयांवर आपल्याकडे व्याख्याने होतात, परिसंवाद होतात. वक्ते व्यासपीठावर बसतात, श्रोते टाळ्या वाजवतात आणि आभारप्रदर्शनानंतर चहा होतो. ज्यांच्या हक्कांची चर्चा झाली ते लोक मात्र बहुधा सभागृहात नसतातच. अशा वेळी मनात प्रश्न येतो की, हक्कांविषयीची सभा खऱ्या अर्थाने कशी असावी? या प्रश्नाचे एक उत्तर राजस्थानातील मजुरांनी दिले आहे. त्याचे नाव ‘जनसुनवाई’. प्रस्तुत लेखात तिचे स्वरूप समजून घेण्याचा प्रयत्न मी करणार आहे.

मध्य राजस्थानचा हा प्रदेश कोरडा. पाऊस हुलकावणी देतो, तेव्हा रस्ते, तलाव, बांध यांच्या सरकारी कामांवर गावोगावची माणसे जगतात. १ मे १९९० रोजी भीम या गावी ‘मजदूर किसान शक्ती संघटन’ स्थापन झाले. सनदी सेवा सोडून खेड्यात आलेल्या अरुणा रॉय, त्यांचे सहकारी निखिल डे आणि शंकर सिंह आणि त्या भागातील मजूर-शेतकरी यांची ही संघटना. तिची पहिली मागणी अगदी साधी होती : कायद्याने ठरलेले किमान वेतन मिळावे. त्यावर उत्तर मिळे की, नोंदीप्रमाणे तुमचे काम कमी भरले आहे. मजूर म्हणाले, “मग ती नोंद दाखवा.” तेव्हा कळले की नोंद दाखवता येत नाही. ते सरकारी दप्तर आहे, गोपनीय आहे. त्यासाठी ब्रिटिशांनी केलेल्या १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याचाही आधार दिला जाई. खड्डा आम्ही खणला, घाम आमचा गळला आणि त्याचा हिशेब मात्र आमच्यापासूनच गुपित! पोटाचा प्रश्न माहितीच्या प्रश्नाशी येऊन भिडला तो असा.

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनवाई झाली. एप्रिल १९९५ पर्यंत भीम, विजयपुरा, जवाजा आणि ठाणा येथे आणखी चार झाल्या. पद्धत सरळ होती. पंचायतीच्या कामांची मस्टरे, बिले आणि व्हाउचरे यांच्या नकला मिळेल त्या मार्गाने मिळवायच्या. कार्यकर्त्यांनी गावात फिरून त्या समजावून सांगायच्या. मग ठरल्या दिवशी उघड्यावर सभा भरवायची. अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांनाही बोलवायचे, म्हणजे त्यांनाही आपली बाजू मांडता येईल. सभेत मस्टर मोठ्याने वाचायचे आणि ज्याचे नाव येईल त्याला विचारायचे : या कामावर तू गेला होतास का? इतके दिवस भरलेस का? इतके पैसे मिळाले का? कधी कामावर न गेलेल्यांची नावे निघाली, कधी मेलेल्यांची. कागदावर पूर्ण झालेली बांधकामे गावात अपुरीच उभी असल्याचे लोकांनी सांगितले.

यात नवे काय, असे कोणी विचारील. हिशेब तपासनीस दरवर्षी तपासणी करतातच. परंतु तपासनीस एक कागद दुसऱ्या कागदाशी ताडून पाहतो. बिल आणि व्हाउचर जुळले की त्याचे काम संपते. जनसुनवाईत कागद ताडला जातो तो माणसाच्या आठवणीशी.

या गोष्टीचे मोल मला पुस्तकाआधी घरात कळले. माझी आजी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जाई. तिला अक्षरओळख नाही; मस्टरवर ती अंगठा उठवी. भरलेला दिवस लक्षात राहावा म्हणून घरी आल्यावर ती चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढी. खाडा झाला तर रेघ नाही. म्हणजे तिच्या श्रमाचे दोन हिशेब होते, एक भिंतीवर आणि एक दप्तरात. दोन्ही जुळत होते की नाही, हे तिला आजही ठाऊक नाही, कारण वरचा कागद तिला कोणी कधी वाचून दाखवला नाही. महाराष्ट्राने तर १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर राबवली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला. काम मागण्याचा हक्क आपण देशाला दाखवला. त्या कामाचा हिशेब मागण्याची रीत मात्र राजस्थानच्या मजुरांकडून शिकावी लागली. भिंतीवरच्या रेघेला दप्तरातल्या आकड्याइतकाच मान देणारी सभा, अशी जनसुनवाईची व्याख्या मी करीन.

साहजिकच विरोध झाला. ग्रामसेवकांनी दप्तर दाखवण्यास नकार दिला. एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत नकला देण्याचे आश्वासन दिले; पण वर्ष उलटले तरी ते पाळले गेले नाही. तेव्हा ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावर शहरात ४० दिवस धरणे धरण्यात आले, पुढच्या वर्षी जयपूरला ५३ दिवस. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा याच लढ्यातली. राजस्थानात २००० मध्ये आणि देशासाठी २००५ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. त्याच वर्षीच्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेकडून सामाजिक लेखापरीक्षणाची तरतूद आली. म्हणजे उघड्यावरची ती सभाच कायद्याच्या कलमात जाऊन बसली.

तथापि एक गोष्ट विसरता येत नाही. कायद्याने अर्ज करणारा माणूस एकटा असतो. तळेगाव दाभाडे येथील जमिनीचे गैरव्यवहार माहिती अधिकाराच्या आधारे उघड करणारे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. एकट्याच्या हातातला कागद त्याच्या जिवावर उठू शकतो. तोच कागद पाचशे माणसांसमोर वाचला गेला की एकाला गप्प करून काही साधत नाही. जनसुनवाईचे खरे सामर्थ्य मला येथे दिसते. तिथे माहिती सर्वांची होते आणि भीतीही वाटून घेतली जाते.

आपल्या महाविद्यालयातही हक्कांवर परिसंवाद होत राहतील, व्हायलाच हवेत. माझी सूचना एवढीच आहे की, एखाद्या वर्षी विषय शिष्यवृत्तीचा किंवा वसतिगृहाचा घ्यावा, मंजूर रकमांची यादी समोर ठेवावी, ती मोठ्याने वाचावी आणि ज्यांची नावे त्यात आहेत त्यांना बोलू द्यावे. प्राध्यापक आणि कार्यालयातील मंडळी यांनीही तिथे बसावे, उत्तर द्यावे. त्या दिवशी प्रमुख पाहुणे नसले तरी चालतील.