हमीपत्रावरची खूण

आपल्या नाहूरमध्येही तुमच्यापैकी काहींनी आईचा 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचा अर्ज मोबाईलवर भरून दिला असेल. 2024 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पात्र महिलेला दरमहा 1500 रुपये मिळतात. अर्जासोबतच्या हमीपत्रात उत्पन्नाच्या अटीबरोबर आणखी एक संमती असते: ओळख पटवण्यासाठी आधार क्रमांक, बायोमेट्रिक किंवा ओटीपी द्यायला माझी हरकत नाही. त्यापुढची खूण म्हणजे आईची सहीच. म्हणून ते वाक्य आधी तिला वाचून दाखवा. ही संमती शासनाला असते, अर्ज भरून देणाऱ्याला नाही. ओटीपी आईनेच टाकायचा, आधारची झेरॉक्स दुकानात सोडायची नाही.

स्वाध्याय: आईला हमीपत्र समजावून सांगा. तिने विचारलेले प्रश्न वहीत लिहा.